जे उसवले

घरात कुठलंही पत्र आलं की ते आत्याने वाचायचं, हा नियम कधी पडला ते आता कोणालाच आठवत नव्हतं. आईला अक्षर येत नव्हतं. थोरला आकडे सोडून काही वाचत नसे. धाकट्याने मध्ये दोन वर्षं बोलणंच टाकलं होतं. आणि काजूला वाचता यायचं, जरा जास्तच यायचं, पण वाचलेलं ती कोणाला सांगायची नाही. उरली आत्या. बत्तीस वर्षं शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेली, वरच्या खोलीत राहणारी, विजेच्या बिलावरही एखादा अनुस्वार राहिला असेल तर तिथे थांबून सुस्कारा टाकणारी.

म्हणून शुक्रवारी दुपारी, गणवेशांना लावायची बटणं शोधताना थोरल्याला गुंड्यांच्या डब्याच्या तळाशी घडी घातलेलं लांबट पाकीट सापडलं, तेव्हा त्याने ते आधी वाचलं नाही. फक्त वरचा शिक्का बघितला. पाठ्यपुस्तक मंडळ.

"काजू! हे कधी आलं?"

काजूने मान वर केली नाही. एका सदऱ्याचं चौथं काज तिच्या सुईखाली होतं. पन्नाशी ओलांडलेली, भावंडांतली मधली, बिनलग्नाची. सातवीत शाळा सोडली तेव्हापासून दुकानातलं प्रत्येक काज तिच्या हातचं, म्हणून ती काजू. खरं नाव फक्त तिच्या एकुलत्या एका कवितासंग्रहावर होतं, आणि आता या पाकिटावर. संग्रहातली एक कविता शाळेच्या पुस्तकात जाणार हे गेल्या महिन्यात कळलं, आणि तेव्हापासून थोरला ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होता. छातीचं माप घेताना सुरुवात करायचा, कमरेपर्यंत येईतो बहिणीचं कौतुक संपवायचा. उंच गिऱ्हाईक असलं तर स्वतःच्या लहानपणाचाही एखादा किस्सा बसायचा.

"सोमवारी आलं," काजू म्हणाली.

"सोमवारी! आणि डब्यात घालून ठेवलंस? दागिना आहे का तो?"

"दादा, माझ्या नावाचं आहे. दे इकडे."

"तुझ्या नावाचं म्हणजे घराचंच." थोरला तोवर जिन्याशी पोचला होता. "आत्या, खाली ये! आई! अगं, तूही ये. आणि इस्त्री बंद कर रे, सदरा जाळशील."

इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या धाकट्याने मुकाट्याने बटण बंद केलं. सूनबाई, म्हणजे थोरल्याची बायको, हातातलं अस्तर तसंच घेऊन आली. आई मशीनवरून उठली नाही, नुसती वळून बसली. शहात्तर वर्षांच्या बाईला कोण उठवणार? सगळी जणं कापायच्या टेबलाभोवती जमली. शाळेच्या गणवेशाचे अर्धवट कापलेले भाग बाजूला सारून थोरल्याने पत्र मधोमध ठेवलं.

"आत्या, तू नको वाचूस," काजू म्हणाली.

आत्याने तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं. मग पत्र उचललं.

आत्याला एक जुनी सवय होती. तोंड एक ओळ वाचत असे तेव्हा तिचे डोळे पुढच्या ओळीवर गेलेले असत. वर्गात तिचा एक डोळा मागच्या बाकावर असे, तिथून लागलेली. त्यामुळे 'अभिनंदन' म्हणतानाच तिला खालचा परिच्छेद दिसला. तिथे थांबता आलं असतं. चष्मा पुसता आला असता, पाणी मागता आलं असतं. पण समोर वहिनी, तिच्या भावाची विधवा बायको, आत्याच्या ओठांकडे टक लावून बसली होती. अक्षर न येणारी माणसं वाचणाऱ्याच्या तोंडाकडे जशी बघतात तशी. त्या बघण्यापुढे आत्याला कधी खोटं वाचता आलं नव्हतं.

"'...आपली कविता इयत्ता सातवीच्या पुस्तकासाठी निवडली आहे. तथापि...'"

"हे तथापि काय?" थोरल्याने विचारलं.

"म्हणजे आता नाट लागणार," सूनबाई म्हणाली.

"'तथापि, कवितेत उद्धृत केलेल्या प्रार्थनेत "जे उसवले" असे छापले गेले आहे. मूळ प्रार्थनेतील शब्द "जे विसवले", म्हणजे चिरविश्रांती पावलेले, दिवंगत, असा आहे. हा मुद्रणदोष दिसतो. विद्यार्थ्यांपर्यंत सदोष पाठ जाऊ नये, यास्तव दुरुस्तीस आपली लेखी संमती दहा तारखेपर्यंत कळवावी. अन्यथा सदर कविता वगळावी लागेल.'"

कविता छोटी होती. थोरल्याला तिच्या पहिल्या दोनच ओळी पाठ होत्या, धाकट्याला सगळी:

संध्याकाळी मशीन थांबतं
आणि आई म्हणते,
जे उसवले, त्यांना तुझ्यापाशी ठेव.
मी दोरा दाताने तोडते.
त्याच्याकडेही असेल एखादा डबा
सुट्या गुंड्यांचा,
कुठल्या सदऱ्याची कुठली
हे न विचारता सांभाळलेला.

"एवढंच ना!" थोरल्याचा जीव भांड्यात पडला. "मला वाटलं काय झालं. कळवून टाक आजच. एका टाक्याने काय सदरा बदलतो?"

"मूळ प्रार्थनेतला म्हणजे?" आई म्हणाली.

ती आत्याकडे वळली.

"वन्सं, परत वाचा. कोणता शब्द आहे म्हणताय?"

"विसवले," आत्या म्हणाली. "विसावा घेतलेले. गेलेली माणसं."

आईने तो शब्द तोंडात घोळवून बघितला, नवी सुई बोटावर टोचून बघावी तसा. वि-सवले. ही प्रार्थना तिला कोणी शिकवली नव्हती. तिची आई प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत पडदे आणि चादरी शिवायची, आणि ही बारा वर्षांची पोर तिच्या मशीनचं चाक फिरवायची. भिंतीपलीकडे माणसं चार ओळी म्हणत. मशीनच्या खडखडाटातून गाळून जे पलीकडून यायचं ते तिने उचललं: जे वाटेत आहेत, त्यांना वाट दे. जे थकले, त्यांना हात दे. जे उसवले, त्यांना तुझ्यापाशी ठेव. आणि आम्हांला उद्या दे. लग्न होऊन या घरी आली ती एक ट्रंक आणि या चार ओळी घेऊन. तेव्हापासून रोज संध्याकाळी मशीन थांबलं की ती म्हणायची, आणि तिच्यामागून घर म्हणायचं.

"म्हणजे ती ओळ मेलेल्या माणसांची होती," आई हळूच म्हणाली. "आणि मी रोज देवाला भलतंच सांगत होते. वन्सं, तुम्ही एवढ्या शिकलेल्या. तुम्हाला कळलं नाही?"

आत्याने पत्राची घडी घातली. मग ती उलगडून पुन्हा घातली.

"आणि सूनबाई, तुझ्या माहेरी तर हीच प्रार्थना म्हणतात."

सूनबाईच्या हातातलं अस्तर सळसळलं. या घरातल्या पहिल्याच संध्याकाळी ते तिच्या कानावर आलं होतं. नवी नवरी, डोक्यावर पदरही अजून नीट बसत नव्हता, ती काय देवासमोर सासूची चूक काढणार? तिने आपल्यापुरती तोड काढली. पहिलं अक्षर गिळायचं. नुसतं '...सवले' म्हणायचं. देवाने 'वि' लावून घ्यावा, सासूबाईंनी 'उ' लावून घ्यावा.

"मी आपली हळू म्हणायचे, आई," ती म्हणाली.

"थांब थांब," थोरला म्हणाला. "म्हणजे चोवीस वर्षं माझ्या शेजारी बसून तू वेगळीच प्रार्थना करत होतीस?"

"तुम्ही तर नुसते ओठ हलवता. मी निदान आवाज तरी काढते."

धाकटा हसला. पण आई हसली नाही, आणि त्यामुळे बाकीच्यांचंही हसू अर्ध्यावर राहिलं.

"बदल गं बाई तो शब्द," आई काजूला म्हणाली. "माझी चूक पोरांच्या पुस्तकात नको. उद्या सगळी शाळा माझ्यावर हसायची."

काजूने काज पुरं केलं, दोरा दाताने तोडला आणि सदरा बाजूला ठेवला. चार दिवस तिला याच क्षणाची धास्ती होती. पत्रातल्या 'अन्यथा'ची नव्हती. पुस्तकातून कविता गेली तर वाईट वाटलं असतं, खूप वाईट, खोटं का बोला. सातवीच्या वर्गाच्या दारातून ती स्वतः बाहेर पडली होती, तिथे निदान तिच्या आठ ओळी आत जाऊन बसल्या असत्या. पण तेही सोसलं असतं. आईचा हा चेहरा सोसवत नव्हता.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली.

"का?" थोरला.

"ती चूक नाही म्हणून."

"मंडळात बसलेले सगळे वेडे, आणि तू शहाणी?"

"ते वेडे नाहीत. ते आपल्या मशीनशेजारी बसले नाहीत, इतकंच."

"भावोजी गप्प, आत्या गप्प," सूनबाई म्हणाली, "म्हणून मीच बोलते. प्रार्थनेतला शब्द आपला नसतो. आपल्या सोयीने देवाचं नाव बदलतो का आपण? एवढा मान चालून आलाय. हट्ट कशाला?"

"ऐक तिचं," थोरला म्हणाला. बायकोची बाजू घ्यायची संधी त्याला वर्षातून एकदाच मिळे, त्यामुळे त्याला चेव चढला. "मी सगळ्या बाजारात सांगून बसलोय. आता काय सांगू? बाई अडून बसल्या? सातवी नापास, आणि निघाली मंडळाला शुद्धलेखन शिकवायला!"

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं. त्याने टेबलावरचा खडू उचलला आणि उगाच एका गणवेशावर रेघ मारली. चुकीच्या जागी.

"नापास नव्हती ती," आत्या म्हणाली.

तिचा आवाज वर्गातला होता, पण त्यात छडी नव्हती.

"आत्या, राहू दे," काजू म्हणाली.

"चाळीस वर्षं राहू दिलंच की." आत्याने चष्मा काढला. चष्म्याशिवाय ती अगदी तिच्या भावासारखी दिसायची. "सातवीला भाषा मीच शिकवायचे. शाळेत हिची बाई, घरी आत्या. एकदा वर्गाला म्हटलं, घरी म्हणता ती प्रार्थना आठवून लिहा. हिने सुंदर अक्षरात लिहिली. जे उसवले. मी त्याला लाल गोल केला आणि सगळ्या वर्गापुढे वाचून दाखवलं. म्हटलं, अगं, कपडे उसवतात, माणसं नाही. झालं. वर्ग हसला. मी पण हसले. घरचीच पोर आहे, तिला थोडं जास्त कडक वागवलं की बाकीच्यांना पक्षपात वाटत नाही, असं आपलं मला वाटायचं."

"पुढे?" आईने विचारलं.

"पुढे फाटकापाशी पोरी तिला 'उसवली' म्हणायला लागल्या. महिनाभराने ही म्हणाली, मला काजं करायची आहेत. हिच्या वडिलांना हात हवाच होता. आणि मी दाखल्यावर कारण लिहिलं, घरची अडचण." आत्याने पत्राकडे बघितलं. "अडचण कसली, मीच."

आई काजूकडे वळली.

"मला का नाही सांगितलंस तेव्हा?"

"सांगितलं असतं तर तू म्हणायची थांबली असतीस."

"मग थांबले असते. चूक होती ना!"

"मला तो शब्द आवडायचा, आई." एवढं साधं सांगायला काजूला पन्नाशी ओलांडावी लागली होती. "पुस्तकातल्या कविता मला कळायच्या नाहीत. त्यातल्या बाया नुसत्या नदीकाठी उभ्या असायच्या. कोणी कधी तुरपाई करत नव्हतं. तू संध्याकाळी ती ओळ म्हणायचीस आणि मला वाटायचं, देवाला आपल्या दुकानातलं कळतं. मग मी लिहायला लागले. बाकी काही मला कोणी शिकवलं नाही."

हे ऐकताना धाकट्याने इस्त्रीची वायर नीट गुंडाळली, पुन्हा सोडली. बोलायच्या आधी त्याला हाताला काहीतरी लागायचं, हे घराला माहीत होतं. सगळे थांबले.

"कारखान्यातून मला घरी पाठवलं तेव्हा," तो म्हणाला, "मी त्या पडद्यामागच्या खोलीत होतो. दोन वर्षं."

ती दोन वर्षं घरात कोणी मोठ्याने काढत नसे. थोरल्याने मान खाली घातली. पडद्याशी ताट ठेवायचं काम तेव्हा त्याचं होतं, आणि बऱ्याचदा ते जसंच्या तसं उचलायचंही.

"संध्याकाळी मशीन थांबायचं आणि तुम्ही म्हणायचात. मला वाटायचं, ती ओळ आईने माझ्यासाठी म्हणून मध्ये घातलीय. प्रार्थनेत ती आधीपासून होती हे मला माहीतच नव्हतं. मी कधी लक्ष दिलं होतं?" तो किंचित हसला. "रोज त्या ओळीची वाट बघायचो. आता आली, आता आली. आई, तू विसवले म्हणाली असतीस तर मी आत पडून काय समजलो असतो?"

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. सूनबाईने अस्तराने डोळे पुसले आणि मग ते गिऱ्हाइकाचं अस्तर आहे हे तिच्या लक्षात आलं.

"पण देवाला काय वाटलं असेल?" आई अजून तिथेच होती. "त्याला रोज चुकीचंच ऐकू गेलं ना?"

"आई," सूनबाई म्हणाली, आणि आपण दुसऱ्या बाजूला जाऊन उभ्या राहिलो हे तिला बोलता बोलताच कळलं, "मशीनच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही ते तुम्हाला. त्याला तर येत असेल. आणि भावोजी त्या खोलीतून उठून बाहेर आले, ते काय चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या प्रार्थनेने?"

"तू मघाशी तर म्हणत होतीस..." थोरला म्हणाला.

"मघाशी मघाशी होतं. फोन लावा त्यांना. नंबर असेल खाली."

थोरल्याला बोलणी करायला कोणी सांगितलं की तो फुलायचा. त्याने फोन मोठ्या आवाजावर टाकून टेबलावर ठेवला. पलीकडे मंडळातला कारकून होता, दुपारच्या चहाआधीचा, कंटाळलेला.

"दुरुस्ती मान्य नाही म्हणता? मग समिती कविता वगळेल. तसं पत्रात लिहिलंय."

"साहेब, आम्ही गणवेश शिवतो," थोरला म्हणाला. "पोर वाढणार म्हणून खाली चार बोटं कापड जास्त दुमडतो. पुढच्या वर्षी उसवलं की तेच कापड कामाला येतं. तुमच्या पुस्तकात असं काही जास्तीचं ठेवत नाहीत का?"

"म्हणजे काय?"

"सरक," आत्या म्हणाली आणि फोनवर वाकली. "नमस्कार. कवितेखाली शब्दार्थ देता ना?"

"देतो, मॅडम. पण जागा दोनच ओळींची."

"पुरे. शब्द आहे तसा राहील, अर्थ आम्ही लिहून पाठवतो. मुद्रणदोष नाही, हेही लिहिते. कवयित्रीची सही असेल."

"सोमवारी समिती बसते. समोर ठेवतो. पुढचं माझ्या हातात नाही." कारकून घुटमळला. "एक विचारू? तो गुंड्यांचा डबा खरंच आहे?"

"आहे ना," थोरला ओरडला. "तुमचं पत्र त्यातच होतं!"

आत्याच्या पिशवीत लाल पेनाशिवाय दुसरं पेन कधीच नसे. तिने गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीतलं पान फाडलं आणि लिहिलं: उसवणे : शिवण सुटणे, (येथे) फाटणे, उद्ध्वस्त होणे. मग पान काजूपुढे सरकवलं.

"तपास."

काजूने पेन घेतलं. आत्याचं अक्षर तपासायला तिचा हात थोडा कचरला. मग तिने 'उद्ध्वस्त'भोवती गोल केला. तो नीटसा गोल आला नाही.

"जड आहे?" आत्याने विचारलं.

"खोटं आहे."

"काय लिहिलंय?" आईने विचारलं. आत्याने वाचून दाखवलं.

"छे," आई म्हणाली. मघापासून पहिल्यांदाच तिचा आवाज दुकानातला झाला, गिऱ्हाइकाला चुकीचं कापड घेऊ न देणारा. "उसवणं म्हणजे फाटणं नव्हे, वन्सं. बत्तीस वर्षं काय शिकवलंत? फाटलं की कापड जातं. उसवलं तर नुसता दोरा जातो. कापड असतंच की जागेवर. परत घालता येते शिवण."

आत्याने तिच्याकडे बघितलं. मग काजूच्या हातून पेन घेतलं, वरचं सगळं खोडलं आणि खाली, वर्गात फळ्यावर लिहायची तसं, सावकाश लिहिलं:

उसवणे – शिवण सुटणे.
कापड जात नाही. पुन्हा शिवता येते.

"बसलं दोन ओळींत," ती म्हणाली. "सांगणारीचं नाव घालायला जागा नाही."

"माझं कशाला नाव?" आई म्हणाली. पण कागद तिने मागून घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि नेमक्या त्या दोन ओळींवरून बोट फिरवलं, टीप सरळ आलीय का बघावं तसं.

आत्याने खाली 'मुद्रणदोष नाही' असं लिहिलं, काजूने सही केली. थोरल्याने पाकीट आणलं, धाकट्याने कागदावरून इस्त्री फिरवून घडी घातली.

त्या संध्याकाळी तीसएक सदरे व्हायचे राहिलेच. उजेड कमी झाला तसं आईने मशीन थांबवलं. चाकावर हात ठेवून ती क्षणभर बसली. सगळी आपापल्या जागी उभी राहिली, नेहमीसारखीच, पण परीक्षेला बसल्यासारखी.

जे वाटेत आहेत, त्यांना वाट दे.

जे थकले, त्यांना हात दे.

तिसऱ्या ओळीशी आईने श्वास घेतला आणि शिकलेल्या माणसासारखं, जपून, स्पष्ट म्हणाली, "जे विसवले..." आणि त्याच वेळी सूनबाई, चोवीस वर्षांत पहिल्यांदा पहिलं अक्षर न गिळता, खणखणीत म्हणाली, "जे उसवले..."

दोघी थांबल्या. एकमेकींकडे बघितलं. थोरल्याच्या ओठांतून खरोखरचा आवाज बाहेर पडला, पण तो हसण्याचा होता. मग धाकटा, मग आत्या, चष्म्यासकट. आई पदर तोंडाला लावून गदगदत होती.

"थांबा, थांबा," शेवटी ती म्हणाली आणि डोळे पुसले. "ओळ उसवली. पहिल्यापासून घालू."